रिकामा रकाना

कामरानी साहेब,

काल तुमच्या खिडकीशी मी हसले, तेव्हा तुम्ही चिडलात. "बाई, तुमच्या मुलीचा अर्ज फेटाळलाय, समजलं ना?" समजलं. बहाई धर्मातली पोर म्हणून मला चौथीतच शाळेतून काढलं, तरी तेवढं समजतं.

वर्षभर मी शिराझमध्ये दारोदार सह्या मागत हिंडले, की आमच्या पोरांना बहाई म्हणूनच विद्यापीठात घ्या. आणि घरी? अर्ज भरायच्या दिवशी मीच नगीनला म्हटलं, "धर्माच्या रकान्यात बहाई हा पर्यायच नाही, इराण सरकार आपला धर्म मानतच नाही. 'मुसलमान'वर खूण कर आणि डॉक्टर हो. कोण बघतंय?" आमच्यात धर्म लपवत नाहीत. माझ्या बापाने त्यापायी नोकरी घालवली. नगीन अर्ज घेऊन खोलीत गेली. तेव्हापासून मला घास गिळवत नव्हता, आणि विचारायची हिंमतही नव्हती.

काल तुम्ही कागद सरकवलात. धर्माचा रकाना रिकामा, म्हणून अर्ज अपूर्ण. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला.

घरी आल्यावर नगीन म्हणाली, "सह्यांच्या कागदावर पहिलं नाव तुझं आहे, आई. मी तुला खोटी पाडू?"

मग मी पोटभर जेवले.

हे पत्र तुम्हाला देणार नाही, उगाच फुशारून जाल. सह्यांचा कागद मात्र शुक्रवारची सुटी संपून शनिवारी कचेरी उघडली की आणते. शेजारच्या अशरफखानूमने, पाच वेळा नमाज पढणाऱ्या बाईने, त्यावर काल आपणहून सही केलीय. या वेळी सोबत नगीनही येईल. तिच्याशी नीट बोला.

अपूर्ण अर्जवालीची आई,
फरूग