'यूल्युलेट' या शब्दाविषयी

१२ फेब्रुवारी १९८४, मोहर्ली
आजपासून लेख. विषय 'यूल्युलेट', म्हणजे घुबडाच्या ओरडण्याचा इंग्रजी शब्द. लॅटिनात 'उलुला' म्हणजे घुबड. आपला 'उलूक' त्याच्याच नात्यातला. बत्तीस वर्षे वर्गात इंग्रजी कविता शिकवल्या, हा शब्द कधी भेटला नाही. दहा पाने सहज होतील. मुलीला, कमलाला, भद्रावतीला कार्ड टाकले : मी कामात आहे, एकटा मजेत आहे, न्यायला येऊ नकोस.

१४ फेब्रुवारी
डिक्शनरीत आणखी एक अर्थ. शोकाने मोठ्याने ओरडणे. कमलाची आई सत्यशीला जाऊन सात महिने झाले. मला रडू आलेले नाही. तब्येत उत्तम. मूळ आवाज ऐकल्याशिवाय पुढे लिहिणे बरे नव्हे.

१७ फेब्रुवारी, सायं. ६
चिंचेवरचे घुबड गप्प. ओरडावे म्हणून गोटा मारला. उडून गेले. गोटा कुठे पडला, दिसले नाही. संशोधनात असे व्हायचेच.

१८ फेब्रुवारी
शेजारच्या बायनाबाईने पाहिले होते. म्हणाली, "गुर्जी, घुबडाले गोटा मारत नाई. ते गोटा उचलून नेते, नाल्यात घासते. गोटा झिजला का मारनारा झिजते."
मी हसलो. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हाच असले सगळे सोडले. तिला लॅटिन समजावून सांगितले. तिने विचारले, भाजी देऊ का.

२१ फेब्रुवारी
पायजम्याची नाडी दोन बोटे जास्त ओढावी लागली. नाडी जुनी आहे. लेख : एक ओळ.

२५ फेब्रुवारी
सकाळी नाल्यावर फिरायला. डॉक्टर चालायला सांगतातच. जाता जाता चार गोटे उलटून पाहिले, सहज.

२९ फेब्रुवारी
लीप इयर. नाल्यावर दोनदा. व्यायाम वाढवला आहे. नाल्यातले सगळेच गोटे झिजलेले. शास्त्रीयदृष्ट्या हे साहजिक आहे. जेवण नको वाटले.

४ मार्च, रविवार
कार्ड मिळूनही कमला आली. मी नाल्यात, गुडघाभर पाण्यात. काठावरून म्हणाली, "बाबा, काय शोधून राह्यले?" लेखाचे साहित्य, असे सांगितले. पण ती बायनाबाईकडूनच आली होती. वाटले, आता रागावेल. तिने चपला काढल्या, पातळ वर खोचले, पाण्यात उतरली.
"गोल होता का चपटा?"
मला आठवेना. ती वाकून एकेक उचलून दाखवत राहिली. हा का? मग हा का? मागून पाहिले तर पाठ अगदी सत्यशीलेची. एकाला मी हो म्हणालो. तिने तो पदराने पुसून माझ्या हातात दिला. संध्याकाळच्या एसटीने निघालो.

५ मार्च, भद्रावती
लेख तूर्त बंद. कॉलनीत घुबड नाही. गोटा उशाशी ठेवला आहे. तो हा नव्हे, मला माहीत आहे. दोन भाकरी खाल्ल्या.