अर्जदाराची स्वतःचीच हरकत फेटाळून मिळणेबाबत

प्रति,
मा. छाननी अधिकारी,
व्यवसाय एकत्रीकरण छाननी कक्ष,
विभागीय सुनावणी कार्यालय, नाशिक.

विषय : ऑर्केडॉन व टुंड्राप्ले या व्हिडिओ गेम कंपन्यांच्या विलीनीकरणावर अर्जदाराने घेतलेली हरकत फेटाळणेबाबत, आणि ते जमत नसल्यास अर्जदाराला व्याह्यांपासून वाचवणेबाबत.

संदर्भ : १) पेपरात आलेली आपली जाहीर नोटीस.
२) गोदाकाठ व्हिडिओ गेम पालक महासंघाची हरकत.
३) सदर हरकतीविरुद्ध श्री. भिमाजी पगारे, ओझर यांचा अर्ज.
४) "संदर्भ २ व ३ या दोन्ही कागदांवर डाव्या बाजूला सारखीच काळी रेघ उमटलेली आहे, तरी खुलासा करावा" हे आपलं पत्र.

महोदय,

१. अर्जदार जयराम रावजी गांगुर्डे याचं पंचवटीत निमाणी स्टँडजवळ झेरॉक्स, टायपिंग आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. रेघेबद्दल आधीच सांगून टाकतो : ती अर्जदाराच्या मशीनचीच आहे. ड्रमला ओरखडा पडलाय. म्हणजे संदर्भ २ पण अर्जदारानेच लिहिला आणि संदर्भ ३ पण अर्जदारानेच लिहिला. हा झाला खुलासा. आता हे असं का झालं, ते कृपया शेवटपर्यंत वाचावं.

२. अर्जदाराला एक नाद आहे. पेपरात "कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे" असं छापून आलं की त्याच्या बोटांना खाज सुटते. मागे एका गृहस्थाने विकीचं विक्रमादित्य असं नाव बदलून घेतलं, तेव्हा अर्जदाराने उज्जैनकरांच्या वतीने हरकत पाठवली होती. कुणी कधी उत्तर दिलं नाही. सरकार अर्ज वाचत नाही, याच भरवशावर अर्जदाराची सगळी मजा चाललेली होती. आपल्या कार्यालयाने तो भरवसा मोडला.

३. झालं असं की समोरचा चहावाला मनोज याने आपली नोटीस अर्जदाराच्या काउंटरवर आपटली. "जयरामशेठ, ह्या परदेशी कंपन्या आहेत. इथं नाही चालायची तुमची मस्ती." अर्जदाराने त्याचा चहा संपायच्या आत महासंघ स्थापन केला आणि स्वतःला अध्यक्ष नेमलं. सभासदांचा आकडा पाहिजे होता, तर झेरॉक्स मशीनचं मीटर बघितलं आणि तोच टाकला. हरकती तीन घेतल्या :

एक, ऑर्केडॉनच्या गेममधले चोर गाड्या पळवतात आणि टुंड्राप्लेच्या गेममधले चोर बँका लुटतात. विलीनीकरण झालं तर बँक लुटून पळायला गाडी घरचीच मिळेल.

दोन, आज पोरगं एका कंपनीच्या गेममध्ये हरलं की तणतणत दुसऱ्या कंपनीचा गेम लावतं. दोन्ही एकच झाल्या तर त्याने रागावून जायचं कुठं?

तीन, दोन्हीकडच्या राक्षसांच्या सेवाज्येष्ठता यादीचं काय?

मनोज हसून हसून बाकावरून खाली घसरला. अर्जदाराने त्याच्यासमोरच कागद पोस्टात टाकला.

४. आणि आपण उत्तर दिलंत! "मुद्दा क्र. दोन ग्राहकाच्या निवडस्वातंत्र्याशी निगडित असून प्रथमदर्शनी गंभीर आहे. निर्णय होईपर्यंत विलीनीकरणाची पुढील कार्यवाही स्थगित करण्यात येत आहे. ग्राहकाच्या सोयीसाठी सुनावणी नाशिक येथे होईल. तोवर हरकतदाराचे नाव गोपनीय राहील." अर्जदाराने हे पत्र लॅमिनेट करून भिंतीला लावलं. बाकीच्या देशांच्या परवानग्या मिळालेल्या, कंपन्यांचे वकील पेन उघडून बसलेले, आणि सगळा कारभार निमाणीच्या झेरॉक्सवाल्यापाशी येऊन अडलेला. त्या दिवशी अर्जदार रस्त्याने चालताना जरा छाती काढूनच चालला, हे कबूल.

५. पत्र दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून उतरवावं लागलं. त्याचं कारण असं.

अर्जदाराची मुलगी रोशनी हिचं लग्न ओझरच्या भिमाजी पगारे यांच्या अश्विनशी ठरलेलं आहे. अश्विन पुण्यात टुंड्राप्लेमध्ये गेम तपासायचं काम करतो, पण कंत्राटावर. भिमाजीदादांची सगळी नोकरी विमानाच्या कारखान्यात गेली. त्यांच्या पिढीचा एक नियम आहे : कायम झाल्याची ऑर्डर हातात पडल्याशिवाय मांडव घालायचा नाही. कंपनीने अश्विनला सांगितलेलं, विलीनीकरण होऊ दे, मग ऑर्डर काढू. तेवढ्यावर हॉल बघितला, साड्या बघितल्या. आणि मग कंपनीचा मेल आला : एका संघटनेच्या हरकतीमुळे सर्व नेमणुका थांबवण्यात येत आहेत.

रोशनीने जेवताना तो मेल वाचून दाखवला. "पप्पा, नाशिकचीच संघटना आहे म्हणे. कोण असेल हो हा रिकामटेकडा?" अर्जदाराची बायको सविता हिने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि भाजी वाढायची थांबवली.

६. अर्जदार लगेच आपल्या कार्यालयात हरकत मागे घ्यायला आला. आपल्या सरिता मॅडम टेबलावर होत्या.

"सर्वसाधारण सभेचा ठराव आणा. दोन तृतीयांश सभासदांच्या सह्या."

"मॅडम, सभासद नाहीत हो."

"नाहीत म्हणजे? आकडा तुम्हीच लिहून दिलाय ना? मग ते खोटं निवेदन झालं. त्याची कारवाई वेगळ्या टेबलावर."

"मग मी महासंघच बरखास्त करतो."

"नोंदणी आहे?"

"नाही."

"आधी नोंदणी करा. मग बरखास्त करा."

मग मॅडमना दया आली असावी. आवाज खाली करून म्हणाल्या, "काका, कंपनीने तुम्हाला काही दिलं का? नाही म्हणजे, असं अचानक मागे घेणाऱ्यांची चौकशी लागते, म्हणून विचारलं."

महोदय, हरकत घ्यायला अर्जदाराला एक कागद लागला. मागे घ्यायला अख्खं गाव लागतं. बरं, मनोजने ही बातमी भाजी बाजारात पसरवली, तर तिथल्या सरुबाई दुकानात येऊन सभासद झाल्या. नको म्हटलं तरी ऐकेनात. "माझ्या नातवाच्या हातातला फोन सुटत नाय. तुम्ही अध्यक्ष ना? मग सोडवा!" आता त्या रोज येतात. म्हणजे सभासद नाहीत असंही अर्जदाराला छातीठोकपणे सांगता येत नाही.

७. याच भानगडीत एके दिवशी भिमाजीदादा दुकानात आले. बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जयरामराव, नाशकात तुमच्यासारखा अर्ज लिहिणारा दुसरा नाय. ह्या अध्यक्षाला उभा चिरा. माझ्या नावाने लिहा. सोडू नका भाड्याला."

नाही म्हणायला कारण काय देणार? अर्जदार लिहायला बसला. आणि आता खोटं कशाला बोलायचं, लिहिताना त्याला मजा आली. "सदर अध्यक्ष हा बिनबुडाचा, बिनकामाचा, दुसऱ्याच्या ताटात खडे टाकून स्वतः मिशीत हसणारा इसम असून..." माणूस इतका जवळून ओळखीचा असला की मजकूर आपोआप उतरतो. दादांना तो इतका आवडला की त्यांनी दोन वेळा मोठ्याने वाचून घेतला. आपल्यालाही आवडला असावा, कारण आपण दादांना दुसरी बाजू म्हणून सुनावणीला बोलावलंत. सोबत एक मदतनीस आणायची मुभा दिलीत. दादांनी मदतनीस म्हणून अर्जदाराचं नाव दिलं.

म्हणजे येत्या सुनावणीला अर्जदाराने एका खुर्चीवर बसून स्वतःची बाजू मांडायची आणि दुसऱ्या खुर्चीवर बसून ती खोडून काढायची. वर दादा म्हणतात, "तुमच्याच गाडीवर जाऊ. मला त्याचं थोबाड बघायचंय."

८. हे एवढ्यावर थांबलं असतं तर अर्जदाराने आजारी पडून वेळ मारून नेली असती. पण ऑर्डरची वाट बघून पोरं कंटाळली. रोशनी आणि अश्विनने परस्पर रजिस्टर लग्नाची नोटीस देऊन टाकली. आता विवाह नोंदणी कार्यालयाच्या बोर्डावरही तेच लिहिलेलं आहे : कोणाची हरकत असल्यास कळवावे.

आणि महोदय, हा अर्ज टाइप होत असताना भिमाजीदादा समोरच्या बाकावर बसलेले आहेत. ते त्या लग्नावर हरकत लिहून घ्यायला आलेत. अर्जदाराकडून. अर्जदाराच्याच मुलीच्या लग्नावर. ऑर्डर नसणं हे कारण कायद्यात बसत नाही, असं सांगून बघितलं. "तुम्ही बसवा," म्हणाले. आत्ता जे टाइप होतंय ती त्यांचीच हरकत आहे, असं ते समजून चाललेत. मघापासून विचारतायत, "झालं का?" आणि अर्जदार म्हणतोय, "शेवटचा परिच्छेद, दादा."

दुकानाला मागचं दार नाही. पुढचा रस्ता त्यांच्या गुडघ्यांना लागून जातो. कोरा कागद देऊन भागणार नाही, कारण कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. प्रत्येक ओळीखाली बोट फिरवल्याशिवाय सही करत नाहीत. आज त्यांच्या हातात काहीतरी खरं द्यावंच लागणार. अर्जदाराने खूप विचार केला आणि त्याच्याकडे खरं असं हा अर्ज एवढंच निघालं.

९. तरी विनंती की :
अ) अर्जदाराची हरकत अत्यंत मूर्खपणाची ठरवून फेटाळावी. मूर्खपणाचा पुरावा म्हणून संदर्भ ३ वाचावा, त्यातला शब्द न् शब्द बरोबर आहे.
ब) ते होत नसल्यास अध्यक्षांचं नाव पुकारण्याआधी श्री. पगारे यांना बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी द्यावं. त्यांना रक्तदाब आहे.
क) या सगळ्यात रोशनीचा काही संबंध नाही. तिचं लग्न बापाच्या चेष्टेपायी मोडू नये. बाकी अर्जदाराचं काय करायचं ते करा.

आपल्या नियमांत दोन्ही बाजूंनी सापडलेला,
जयराम रावजी गांगुर्डे
(अध्यक्ष, आणि समोरच्या पार्टीचा मदतनीस)

ठिकाण : पंचवटी, नाशिक.
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

सोबत : १) ड्रमवरच्या ओरखड्याचा फोटो. २) सरुबाईंचा सभासद अर्ज, अंगठ्यासह.

ता. क. : प्रिंट निघाली. अर्जदाराने ती दादांच्या हातात दिली आणि स्वतः काउंटरच्या आत उभा राहिला. दादांनी चष्मा लावला. बोट पहिल्या ओळीपासून निघालं. मनोज चहा घेऊन आला, तो बाहेरच थांबला.

पहिल्याच परिच्छेदावर बोट थांबलं.

"हे तुम्ही?"

"होय."

"आन् मी ज्याला एवढ्या शिव्या घातल्या, तेही तुम्हीच?"

"शिव्या पण मीच लिहिल्या, दादा."

पुढचं त्यांनी आणखी सावकाश वाचलं. मग चष्मा काढून टोपीच्या टोकाने पुसला. हॉल नको म्हणून सांगायला अर्जदाराचा मनातल्या मनात हॉलवाल्याला फोन लावून पण झाला होता.

"पेन द्या," दादा म्हणाले.

पेन घेतलं आणि विनंती 'अ' वर आडवी रेघ मारली.

"मागं घ्यायची नाय."

"दादा, पण ऑर्डर?"

"आमचा अश्विन साहेबाला काय म्हणायचा ठाऊक हाय? कायम नाय केलं तर ऑर्केडॉनला जातो. म्हणून तर ते त्याला गोंजारत व्हते. उद्या दोन्हीकडं एकच मालक बसल्यावर पोरगं कुणाला भ्या दाखवणार? मग जन्मात ऑर्डर निघत नाय. मी युनियनमधी व्हतो जयरामराव, मला शिकवू नका."

"मग लग्न?"

"लग्न लावून टाका. तारीख मी सांगन. नायतर त्यातही काहीतरी चेष्टा कराल." टोपी डोक्यावर ठेवता ठेवता त्यांनी बोट अर्जदाराच्या छातीला लावलं. "पण त्या अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठायचं नाय. ही केस किती वर्षं चालंल ती चालंल. मी शेजारी बसतो. उठलात, तर मी हाय आन् तुम्ही हाय."

मग त्यांनी सरुबाईंच्या अंगठ्याखाली आपलं नाव लिहून सभासद म्हणून सही केली आणि मनोजलाही करायला लावली.

सबब विनंती 'अ' रद्द समजावी. 'ब' मधलं पाणी अर्जदाराला द्यावं. महासंघाची रीतसर नोंदणी या आठवड्यात होईल, दादांनी कागदपत्रांची यादी भिंतीला लावली आहे. आता यातून सुटायची एखादी वाट आपल्या नियमांत सापडलीच, तर ती कृपया टपालाने कळवू नये. दुकानात येणारं टपाल आजपासून व्याही उघडणार आहेत.