जबड्याच्या तारा

३ फेब्रु. ०५, गुरु.
सकाळी ब्रिगेडियरांचा फोन. आमच्या माजी सैनिक मंडळाचे अध्यक्ष. गुडघे दोन्ही नवे, मतं सगळी जुनी. वीस तारखेला वादसभा: महिला अधिकाऱ्यांना लढाऊ तुकड्यांत घ्यावे का. बाजूने मी. ‘मॅडम, पाच मिनिटं. आणि जरा गोड बोला.’ म्हटलं, गोड हवं असेल तर नंतर जिलबी ठेवा.
दुपारी बेल. दारात मृणाल, माझ्या बहिणीची, सुधाची मुलगी. कॅप्टन. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यावर काळेनिळे चट्टे.
‘जिन्यावरून पडले, मावशी.’
‘जिन्याला बोटं होती का?’
रडली नाही. बूट काढता येईनात, मी काढले.

४ फेब्रु.
चहावर सगळं सांगितलं. मेजर क. म्हणून वरिष्ठ आहे. ही युनिटमध्ये आल्यापासून मेसमध्ये त्याचे विनोद चालू. बायका आल्या, आता तोफांना पडदे लावा वगैरे. सगळे हसायचे. हीसुद्धा हसायची, म्हणे. टीममध्ये राहायचं तर हसावं लागतं.
त्या संध्याकाळी ती खोलीत परेडचा युनिफॉर्म इस्त्री करत होती. तो आत आला, कडी लावली. ओरडली तर गळा धरला. उजवं मनगट पिरगाळलं, मोडल्याचा आवाज दोघांनी ऐकला. इस्त्री डाव्या हातात होती.
त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला. गाल भाजला.
‘मावशी, वास आला.’ मला तो वास माहीत आहे. मी तोंड वाकडं केलं नाही.
‘कितीदा मारलंस?’
‘दोनदा. पहिल्याने गळा सोडला नव्हता.’ मग कपाकडे बघत, ‘आणि एकदा. तो खाली पडल्यावर.’
दुसरा चहा टाकला.

६ फेब्रु., रवि.
सुधा नारायण पेठेतून खिचडीचा डबा घेऊन आली आणि डबा उघडायच्या आधी तोंड उघडलं. ‘ताई, तूच हे खूळ हिच्या डोक्यात भरवलंस. राजीनामा देऊ दे. कॉम्प्युटर कंपनीत चिकटेल. आमच्या खालच्यांची मुलगी हिंजवडीला जाते, गाडी दारात येते न्यायला.’
‘तिथे पुरुष नसतात का गं?’
‘असतात. पण वरिष्ठावर हात उचलावा लागत नाही.’
‘हात नाही, इस्त्री,’ आतून मृणाल. आणि हसली. सुधाही हसली, मग पदर डोळ्याला लावला. जाताना मुलीच्या गळ्यावरचा एकेक चट्टा बोटाने मोजल्यासारखा बघितला. डबा विसरली.

८ फेब्रु.
ब्रि. चा पुन्हा फोन. बातमी पोचली. ‘मुलगी धीट आहे, प्रश्नच नाही. पण गरम इस्त्री? जरा प्रमाणाबाहेर झालं.’
म्हणजे बाईला लढता येत नाही म्हणून लढाऊ पद नको, आणि लढली तर प्रमाणाबाहेर.
विचारलं, थंड होईपर्यंत थांबायला हवं होतं का? फोन ठेवला त्यांनी. मीच ठेवणार होते, राहून गेलं.
एकाहत्तरच्या युद्धात मी लष्करी नर्स, माझा वॉर्ड तंबूत होता. बादलीतून गुडघ्याखालचे पाय बाहेर नेले, बूट तसेच असलेले. एक पोरगा भ्रमात माझ्या मानगुटीवर बसला, दोघांनी ओढून काढला, मग मी त्यालाच सलाईन लावलं. शेजारच्या तंबूवर गोळा पडला तेव्हा आमच्यापैकी कुणाचं पद लढाऊ आहे ते त्याने विचारलं नाही. परत आल्यावर मात्र शिपाई सलाम करताना विचारात पडायचे: हिला करायचा का? खांद्यावर तारे होते. वर चेहरा बाईचा.
हे सभेत बोलायचं. बूट सोडून. लोकांना जिलबी खायची असते.

१० फेब्रु.
क. इथेच पुण्याच्या लष्करी इस्पितळात आहे. दात तारांनी बांधलेत, वरचे खालच्यांना. लेखी जबाब दिलाय: ड्यूटीचं विचारायला गेलो, तिने विनाकारण हल्ला केला. चौकशी त्याला बोलता येईपर्यंत तहकूब. हात शाबूत म्हणून खोटं लिहिता येतं, उलटतपासणीला मात्र तोंड लागतं.
मृणाल भिंतीवर डावी मूठ आपटते. बोटांची सालं गेली. वरच्या मजल्यावरची कॉल सेंटरची मुलं विचारायला आली, ‘आंटी, काही रिपेअर चाललंय का?’ हो म्हटलं.

१२ फेब्रु., शनि.
गेले. जायला नको होतं. गेले.
ड्यूटीवर लेफ्टनंट लिसी, केरळची, कोवळी. माझं नाव ऐकून ताठ उभी राहिली, जुन्या मेट्रनचा दरारा कुणीतरी सांगितला असणार. नात्याबद्दल तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
तो एकटा खोलीत. गालावर इस्त्रीचं टोक उमटलंय, स्पष्ट. आधी नजर सवयीने उशाशी गेली. जबडा बांधलेल्या पेशंटच्या उशाशी तार कापायची कात्री टांगलेली हवी. उलटी झाली तर तोंड उघडत नाही, गुदमरून मरतो. कात्री नव्हती. लिसीला झापलं, ‘कात्री कुठाय?’ ती ड्रॉवरमध्ये. मी स्वतः काढून टांगली.
मग त्याच्याजवळ वाकून, ‘मी मृणालची मावशी. चौकशीत खरं बोल. खोटं बोललास तर ह्या तारा मी परत बांधीन, नाकासकट.’
डोळे विस्फारले. उठायला गेला. नुकतंच सूप पाजलेलं. पोटातून ढवळून आलं, नाकातून आलं, तोंड बंद. ओठ जांभळे. हात माझ्या साडीला.
कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं, राग आला की दहा आकडे मोजा. मी मोजले नाहीत. मोजले असते तर मेला असता. कात्री घेतली, डावीकडच्या कापल्या, उजवीकडच्या कापल्या, हिरडी फाटली, मान वळवली, बोटं घालून घसा मोकळा केला. चावला. हाताला सहा टाके.
श्वास आला तशी त्याने आईला हाक मारली.
लिसी दारात होती. पहिल्यापासून.

१३ फेब्रु.
हात ठणकतोय. मृणालला सांगितलं. माझ्या बँडेजकडे आणि स्वतःच्या प्लास्टरकडे बघत म्हणाली, ‘का वाचवलंस?’
‘पेशंट होता.’
‘आणि धमकी?’
‘ती नातलग म्हणून.’
उठून गेली. दार आपटलं. बाहेरची कुंडी फुटली.

१५ फेब्रु.
ब्रि. स्वतः आले, काठी टेकत, लिफ्ट बंद असताना. म्हणजे गंभीर आहे. इस्पितळातली बातमी अशी फिरतेय: आरोपीची मावशी आली, आल्या आल्या कात्री मागितली, पेशंटच्या तोंडावर चालवली.
‘मी तुम्हाला ओळखतो हो. पण दिसतं कसं?’
मग तोडगा. मृणालने राजीनामा द्यावा. त्याची तक्रार मागे, माझ्यावरही काही नाही. ‘मुलीचं पुढचं आयुष्य आहे.’ आणि वादसभेत मी बोलू नये, प्रकृतीचं कारण सांगता येईल.
‘त्याचं काय?’
‘त्याला पुरेशी शिक्षा झाली असं नाही वाटत तुम्हाला? आयुष्यभर गाल.’
मृणाल खोलीतून बाहेर आली. चट्टे आता पिवळे पडलेत. ‘सर, मला नोकरी हवी आहे. मी ती भांडून मिळवली होती.’
त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून, ‘विचार करा,’ म्हणाले. चहा घेतला नाही.

२० फेब्रु., रवि.
वादसभा. पत्रिकेतून माझं नाव गायब. पहिल्या रांगेत जाऊन बसले. मृणाल शेवटच्या रांगेत, प्लास्टरवर शाल.
विरुद्ध बाजूने एक निवृत्त कर्नल. बायका भावनाप्रधान असतात, ताण आला की तोल सुटतो. परवाचंच प्रकरण घ्या, आमच्या एका तरुण मेजरचं तोंड...
मी उठले. ‘ती मुलगी मागे बसली आहे, कर्नल. गळा दाखवायला सांगू का?’
मागून एका म्हाताऱ्या सुभेदाराने विचारलं, ‘आन् कडी कुणी लावली हुती, साहेब?’ कर्नल म्हणाले, तुम्ही मध्ये बोलू नका. सुभेदार म्हणाले, ‘आमची लेक पोलिसात हाय, आमी बोलणार.’ कर्नलने पाण्याचा ग्लास फेकला. भावनाप्रधान कुणीतरी खुर्ची फेकली. पंचाहत्तरीचे दोन योद्धे एकमेकांच्या कॉलरला. सुभेदारांचं नाक फुटलं, रक्त पांढऱ्या शर्टावर. ब्रि. माइकमध्ये ‘जंटलमेन, जंटलमेन’. माझ्याच पदराने मी सुभेदारांचं नाक दाबलं. मतदान झालं नाही. जिलबी तशीच राहिली.

२१ फेब्रु., सोम.
तारा तशाही कापल्या गेल्यात, क. ला तुटक बोलता येतं. चौकशी आज सुरू.
बाहेर बाकावर मृणाल आणि मी. तिने युनिफॉर्म घातलाय. काल संध्याकाळी स्वतः इस्त्री केला, डाव्या हाताने. मी मदत करते म्हटलं तर नको.
लिसीला पहिली साक्ष. माझ्यापाशी येऊन हळूच, ‘मॅडम, आपने उसके कान में जो बोला, वो पूछेंगे तो क्या बोलूँ?’ चेहरा पांढरा. ती गप्प राहिली तर मी सुटते, मृणालची बाजू मजबूत राहते. नुसती मान हलवायची होती.
‘जो सुना, वही बोलना. कैंची क्यों माँगी, वो भी.’
ती आत गेली. मृणाल बाकावरच्या खिळ्याकडे बघत होती.
‘मावशी, तिसऱ्या फटक्याचं मला कुणी विचारलेलं नाही. त्याला शुद्ध नव्हती, त्यालाही माहीत नाही.’
‘हं.’
‘मी न सांगितलं तर फक्त तुला माहीत.’
मी काही म्हटलं नाही. कधी नव्हे ते.
लिसी बाहेर आली, डोळे लाल, माझ्याकडे न बघता गेली. मागोमाग क. ला चाकाच्या खुर्चीतून नेलं. गाल आमच्या बाजूला होता. पहाऱ्यावरच्या शिपायाने दार लावलं, वळला, आणि मृणालला सलाम केला, विचारात न पडता.
तिने डाव्या हाताने टोपी सरळ केली. तिचं नाव पुकारलं.