मोठा आवाज, बारीक अक्षरं

प्रिय टिटवी,

रविवारपासून तू कोणाचाच फोन उचलत नाहीस. दादाचाही नाही, वहिनीचाही नाही. राग माझ्यावर आहे आणि तो रास्त आहे, हे मला काल कळलं. म्हणून हे पत्र. वहिनी ते तुझ्या ऑफिसातच आणून देईल, घरी नको म्हणून. फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड. तुझ्या आईलासुद्धा मी उभ्या जन्मात एवढं लांबलचक पत्र लिहिलं नव्हतं.

आधी कानाच्या यंत्राची गोष्ट ऐक, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दादाने ती तुला तिखटमीठ लावून सांगितली असेलच. बाबांनी टीव्हीवर बघून यंत्र मागवलं, बाबांना कोणीही गंडवतं, आता केबलच काढून टाकतो. आपला बाप म्हणजे भोळा सांब, असं त्याचं ठाम मत. अगं, कापड गिरणीत मी मागांवर मुकादम होतो. नुसत्या बोटांनी सुतातली भेसळ ओळखायचो. भोळा माणूस तिथे आठवडाभर टिकला नसता.

पण दुपारचं घर तुम्ही कोणी पाहिलेलं नाही. सगळे आपापल्या कामाला, आणि मी आणि टीव्ही. मालिकेतली माणसं एकमेकांकडे बघून पुटपुटतात, बातम्यांत सगळे एकदम भांडतात. मग तो पांढऱ्या कोटातला येतो. समोर उभा राहतो, थेट माझ्याकडे बघतो, मोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून बोलतो. "आजोबा, ऐकू येत नाही म्हणून घरातले वैतागतात का?" मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, आपल्याच कोणी याच्याकडे चुगली केली की काय! थट्टा सोड, पण मला पुरतं कळेल असं बोलणारा त्या दिवसांत या घरात तो एकटाच होता. दादा चहा पिता पिता मोबाइलकडे बघून बोलतो, वहिनी स्वयंपाकघरातून.

गिरणीत मागांच्या खडखडाटात कोणालाच काही ऐकू येत नसे. ओठांवरून बोलणं ओळखायची सवय तेव्हाच लागली, आणि अलीकडे मी तिच्यावरच दिवस काढले. माणूस समोर असला की भागतं, पाठमोरा झाला की संपलं. कोणाला कळू मात्र दिलं नाही. म्हाताऱ्याचे कान गेले की त्याला घरात काही विचारेनासे होतात, हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिलं होतं. यंत्र मी चोरून मागवलं ते म्हणूनच.

आलं एकदाचं. कानात घातलं तर पंखा मागासारखा गरजायला लागला, चमचा पडला की छातीत धस्स व्हायचं, आणि माणसाचं बोलणं होतं तिथेच. परत पाठवावं म्हटलं, तर तक्रार फक्त फोनवर! ज्याला ऐकू येत नाही त्याने फोन करून सांगायचं की मला ऐकू येत नाही. धन्य आहे. मी फोनवर ओरडत राहिलो, पलीकडून कोणी काय सांगितलं देव जाणे.

शेवटी वहिनीपुढे सगळं ओकलो. ती हसली नाही. तिने ती जाहिरात मोबाइलवर घेतली, चित्र थांबवलं आणि तळाशी धावणारी मुंगीएवढी अक्षरं मोठी करून दाखवली. हे वैद्यकीय उपकरण नाही. डॉक्टरच्या भूमिकेत कलाकार आहे. दादा म्हणतो, लिहिलं होतं ना, मग वाचायचं. तिथे माझं डोकं फिरलं. आवाज आमच्या कानांचं माप घेऊन काढलाय. ज्यांना आमचे कान एवढे ठाऊक, त्यांना आमचे डोळे ठाऊक नसतील? चूक अशी नेमकी होत नाही, बाळा. म्हाताऱ्यांना अक्कल नसते म्हणून ते फसतात असं नाही. त्यांच्याशी कोणी बोलत नाही, हे त्या लोकांना बरोबर माहीत असतं. मी ग्राहकांच्या तक्रार कार्यालयात अर्ज दिलाय. सुनावणीला यंत्र घेऊन स्वतः उभा राहणार आहे, वहिनी समोर बसून सगळं मला पुन्हा सांगणार आहे. दादा म्हणतो, जाऊ द्या, कशाला नसती उठाठेव. मी जाऊ देणार नाही. मला ती अक्षरं मोठी करून हवीत.

वहिनीने परवा खऱ्या डॉक्टरणीकडेही नेलं. ती म्हणाली, या वयात उंच पट्टीचे आवाज आधी जातात. तुझा आवाज पाळण्यात असल्यापासूनच टिटवीचा, आणि फोनवर ओठ दिसत नाहीत.

म्हणजे खरं सांगायचं तर, गेली दोन वर्षं फोनवर मला तुझा एक शब्दही कळलेला नाही. तू थांबलीस की मी हो म्हणतो, छान म्हणतो, आणि शेवटी जावईबापूंना नमस्कार सांगतो. रविवारी तू बराच वेळ बोललीस, मला वाटलं पोरगी आज खुशीत आहे. काल तू वहिनीला दोन ओळींचा मेसेज पाठवलास आणि तिने मला समोर बसवून सांगितलं, तू काय बोलत होतीस ते. की त्याने तुझ्यावर पुन्हा हात उचलला. की बाबा, मी घरी येऊ का, असं विचारलंस. आणि मी म्हणालो, छान, छान, जावईबापूंना नमस्कार सांग. पोरी, मी तुझा प्रश्न ऐकलाच नव्हता. आता ऐकलाय. ये. आजच ये. संध्याकाळी ऑफिस सुटेल तेव्हा दादा आणि मी फाटकाशी गाडी घेऊन उभे असू. तिथून तुमच्या घरी. सामान आणायला आम्ही दोघं वर जाऊ, तू गाडीतच बस. जावईबापूंशी काय बोलायचं ते मी बोलेन. ते त्यावर काय म्हणतात, ते मला ऐकू यायची काही गरज नाही.

तुझाच,
बाबा