डिंकाचे लाडू आणि दहा हजार मीटर

३ जानेवारी १९८४, उमरगा
महांतप्पावर दोन वर्षं बंदी! दिल्लीच्या निवड शर्यतीनंतर लघवीत अफूचा अंश सापडला. मॉस्को ऑलिंपिकला दहा हजार मीटर धावलेला माणूस — शेवटून दुसरा, पण धावला. आता लॉस एंजेलिस गेलं. काय खाल्लं, कुणी दिलं, हे देणाऱ्यानं लेखी कळवलं तरच फेरविचार. कमिटीनं विचारलं तर हा म्हणे गप्पच.

५ जानेवारी
आमच्या दूध संघाचे चेअरमन आबाराव माझ्या प्रयोगशाळेत आले. हातात लघवीची बाटली. महांतप्पाचीच. इथं फक्त दूध तपासतात, हे मी दोनदा सांगितलं. ऐकेनात. शेवटी लॅक्टोमीटर सोडला. वीस. चांगल्या दुधाला अठ्ठावीस लागतात.
"म्हंजी पाणी घातलंय," आबाराव म्हणाले. गंभीरपणे.

७ जानेवारी
महांतप्पाची आई हरणाबाई दूध घालायला आली. लेकानं दिल्लीला जायच्या आधी काय काय खाल्लं ते विचारलं. भाकरी, पिठलं, ठेचा. मग आठवून म्हणाली, "दाराशी कुणीतरी डिंकाच्या लाडवांचा डबा ठिवून गेलतं. एकट्यानं दोन डझन खाल्ले बघा."
चोवीस. मी मोजूनच ठेवले होते.

७ जानेवारी, दुपारी
खसखस: लाडवामागं आठ ग्रॅम. अफूच्या बोंडातलंच बी ते. ताकद यावी म्हणून दुप्पट घातली होती.

९ जानेवारी
लिहून दिलं तर तो सुटेल. पण बिनलग्नाच्या मुलीनं बिनलग्नाच्या माणसाच्या दाराशी गुपचूप लाडू ठेवले म्हटल्यावर उमरग्यात खसखशीबद्दल कोण बोलणार? म्हणून तर डब्यावर नाव टाकलं नव्हतं.

१० जानेवारी
लिहून दिलं. कृतीसकट, ग्रॅममध्ये. साक्षीला आबाराव. सही करून म्हणाले, "तारीख कवाची धरली?" आजची, म्हटलं.
"लग्नाची इचारतो, बाई."

२ मार्च
बंदी उठली.

३ मार्च
महांतप्पा डबा परत द्यायला आला. लाडू माझे, हे तुम्हाला ठाऊक असतं तर एवढं झालंच नसतं, असं मी म्हटलं.
"पैल्याच दिवशी ठाऊक होतं," तो म्हणाला. "तुमचं नाव निघालं असतं. म्हणून गप बसलो."
आणि झाकणावर बोट ठेवलं. माझ्या अक्षरातली चिठ्ठी, त्यांच्या दुधाच्या कॅनवर लावते तशीच, सवयीनं चिकटवलेली — नग २४, स्निग्धांश १८ टक्के.
डबा रिकामा परत देऊ नये, म्हणून आत साखर होती.
तो गेल्यावर तपासली. भेसळ नाही.