धक्क्यावरून जायचं नाही

सोमवार, ४ मार्च

आधीच सांगते, माझ्या शुद्धलेखनाची बोंब आहे आणि टायपिंग दोन बोटांनी. ताईचा जुना लॅपटॉप आहे, एक बटण अडकतं. सॉरी. — कोणाला सॉरी म्हणतेय मी? कोण वाचणारे! सवयच लागलीय.

सकाळी सहाला धक्क्यावरून शेडकडे चालले होते. रोज जाते तशी. महिना झाला खेकड्यांच्या शेडमध्ये लागून. उकडलेले खेकडे फोडायचे, गर काढायचा, डब्यात भरायचा. समोरून म्हातारा डॉड आला, जेवणाची पिशवी घेऊन, बोटीवर चाललेला. मला बघून थांबला. बोटी बांधायच्या लोखंडी कडीला हात लावला आणि वळून सरळ घरी! बोट गेलीच नाही. मुलगा केनी मागून ओरडत राहिला.

कारण माझे केस. बोटीवर जाताना लाल केसांची बाई आडवी आली की त्या दिवशी समुद्रावर जायचं नाही. आणि नुसती दिसली तरी लोखंडाला हात लावायचा. इथे शेंबड्या पोरालाही माहितीये. बोटीवर डुकराचं नाव काढायचं नाही, तसंच हे. फरक एवढाच की डुकराला कोणी तोंडावर येऊन सांगत नाही.

महिनाभर त्याच धक्क्यावरून गेले, तेव्हा चाललं. आज अचानक काय झालं?

दुपारी नेटा आली. ती शेडची मुकादम. माझ्याकडे न बघता, नांगी फोडत म्हणाली, उद्यापासून मागच्या वाटेने ये गं, बर्फाच्या कारखान्यामागून. बोटी सुटेपर्यंत धक्क्यावर दिसू नकोस. डॉडची बोट नाही गेली तर आपण फोडायचं काय? तुझं काही चुकलं असं नाही हं, मॉरवेन.

मी "बरं" म्हटलं.

बरं का म्हटलं मी! बरं!

मंगळवार, ५ मार्च

मागची वाट. घोट्यापर्यंत चिखल, वीस मिनिटं जास्त. चोरासारखं जायचं. चोराला निदान काहीतरी मिळतं.

गुरुवार, ७ मार्च

मावशी आली होती. पोरीने शाळा का सोडली म्हणून विचारत होती. आई म्हणाली, अभ्यासात मन लागत नव्हतं.

खोटं. मन लागत होतं. गणितात तर चांगलंच लागत होतं. पण मी वर्गात शिरले की पोरं लोखंडाला हात लावायची. टेबलाच्या पायाला, खिशातल्या किल्लीला, भिंतीवरच्या हीटरला. आधी दोघं-तिघं, मग अख्खा वर्ग. बोलायचं कोणी नाही. नुसतं टक् टक् टक्. सरांना सांगितलं. तर म्हणे, कोणी काही बोललं का तुला? नाही. मारलं? नाही. मग झालं तर.

आणि एक दिवस मी आत आले तर सरांनीच खुर्चीच्या दांड्याला बोट लावलं. गमतीत. वर्ग हसून हसून लोळला. सरही हसले. माझ्याकडे बघून असे, की तूपण हस ना.

मी हसले! त्याचाच जास्त राग येतो. हसले, दप्तर भरलं, घरी आले. परत गेले नाही.

शनिवार, ९ मार्च

आईने न्हाणीघरात केसांना लावायच्या काळ्या रंगाचं खोकं आणून ठेवलंय. जेवताना म्हणाली, "बाबा कसे निभावतात बघ."

बाबांचेही केस असेच. पण बाबा समुद्रात तेलाच्या विहिरीवर कामाला, दिवसभर डोक्यावर हेल्मेट. आणि मुख्य म्हणजे बाबा पुरुष. हा नियम फक्त बायकांना. कोणी केला असेल ते विचारायलाच नको.

खोकं कचऱ्यात टाकलं. आईने काढून परत ठेवलं. मी परत टाकलं. आई म्हणाली, पैसे पडलेत त्याला. मी म्हटलं, मग तू लाव.

आईशी असं कधी बोलले नव्हते. छान वाटलं. मग वाईट वाटलं.

सोमवार, ११ मार्च

गेले. धक्क्यावरून! केस मोकळे सोडून.

पाच बोटी सुटत होत्या. चार बोटींवाल्यांनी पुटपुटत लोखंडाला हात लावला आणि गेले आपल्या कामाला. थुंकला एकजण. पण गेला.

डॉड मात्र परत फिरला. केनी माझ्या अंगावर धावून आला, इतका जवळ की त्याच्या तोंडाचा चहाचा वास आला. "तुला दुसरी वाट नाही का गं? मुद्दाम करतेस?"

हो, मुद्दाम करते, असं म्हणायचं होतं. तीनच शब्द. आता इथे लिहिते. हो, मुद्दाम करते.

मंगळवार, १२ मार्च

परत गेले. परत फिरला.

बुधवार, १३ मार्च

काम गेलं. नेटा म्हणाली, उद्यापासून येऊ नकोस, आठवड्यात तिसऱ्यांदा निम्म्या बायका रिकाम्या बसल्यात. रबरी हातमोजे तेवढे ठेवून जा म्हणाली. त्या बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही. पहिल्या दिवशी ह्यांनीच मला बोटाला न लागता नांगी कशी फोडायची ते शिकवलं होतं.

येताना दुकानात केनी. पाव घेत होता. सगळ्यांदेखत म्हणाला, "डोकं भादर, नाहीतर घरात बस." दुकानवाली मिसेस रिची हसली आणि माझे सुटे पैसे माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवले.

त्या केनीला एक दिवस

नाही, काय करणार मी. कप्पाळ. लिहिणार.

शुक्रवार, १५ मार्च

आता शेडला जायचं नव्हतं तरी गेले. नुसती उभी राहिले. डॉड फिरला. मला एकदम जाणवलं — मी, मॉरवेन, जिला दुकानात दूध मागायला घाम फुटतो, मी नुसती उभी राहून अख्खी बोट अडवू शकते! हसूच आलं. असं हसू की दात आवळले गेले.

अपशकुनी म्हणता ना? घ्या मग.

रविवार, १७ मार्च

भराभर लिहितेय, चुका होतील.

आई मावशीकडे गेली होती. दार वाजलं. डॉड! टोपी हातात घेऊन. आई आहे का म्हणाला. नाही म्हटलं. बरं झालं म्हणाला आणि उंबऱ्यातच उभा राहिला. वाटलं, आता शिव्या देणार.

तर म्हणाला, "उद्या येशील ना धक्क्यावर?"

मला वाटलं टोमणा मारतोय. पण मान खाली होती त्याची. मग सांगायला लागला. जानेवारीत खेकडे धरायच्या पिंजऱ्यांचा दोर पायात अडकून तो पाण्यात गेला होता, केनीने दोर कापून वर काढला. हे मला माहीत होतं, गावात सगळे हसून सांगतात, वर आल्याबरोबर म्हाताऱ्याने आधी टोपी कुठाय विचारलं म्हणून. डॉड म्हणाला, ती टोपीची गोष्ट मीच पसरवली. खरं तर तेव्हापासून बोटीवर पाय ठेवला की गुडघ्यातला जीव जातो. आधी कंबर दुखते म्हणून सांगितलं, मग दाढ, मग इंजिन नीट वाजत नाही. मधूनमधून जायचो, डोळे मिटून बसायचो. कारणं संपली.

"मग त्या सोमवारी तू समोर आलीस. लाल केसांची आडवी आली म्हटलं ना पोरी, की पुढे कोणी एक शब्द विचारत नाही. केनीसुद्धा नाही."

मी विचारलं, म्हणजे तुमचा विश्वास नाहीये? माझ्या केसांवर?

"विश्वास असता तर तुझ्या दारात आलो असतो का?"

माझं काम गेलं, मी म्हटलं. हो, ऐकलं, म्हणाला. वाईट झालं. नेटाशी बोलेन हळूच कधीतरी. पण केनीला कळता कामा नये हं. आणि उद्या केस असेच मोकळे सोड, लांबून दिसले पाहिजेत.

असेच मोकळे सोड!!

दार लावून घेतलं. त्याच्या तोंडावर. आयुष्यात पहिल्यांदा. किती तरी वेळ तो गेला नाही, काचेतून सावली दिसत होती.

खरंच अपशकुन वाटत असता तर एक वेळ समजू शकले असते. अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. पण ह्याला माहितीये! ह्याला सगळं माहितीये, आणि तरी माझ्या जिवावर घरी जाऊन झोपतो. शाळेतल्या सरांनाही माहीत असणार. नेटालाही. सगळ्यांना माहितीये, सगळ्यांची सोय होते फक्त.

सोमवार, १८ मार्च

गेले. आईची काळी लोकरीची टोपी घालून. एक केस बाहेर नाही.

डॉड समोर आला आणि बघतच राहिला. कपाळाकडे, कानांकडे. केनी मागून म्हणाला, चला बाबा, आज वाट मोकळी आहे.

मी बाजूला झाले. जाऊ दिलं.

शिडीपर्यंत गेला. मग सगळ्यांसमोर ओल्या दगडांवर खाली बसला आणि म्हणाला, "केनी, मला नाही जमणार रे. परत कधीच नाही."

केनीला काय करावं कळेना. बाकीच्या बोटींवरचे सगळे बघत होते. कोणी हसलं नाही.

नेटाचा फोन येतोय मघापासून, कामावर परत बोलवायला असणार. वाजू दे.