पडद्यामागचा पियानो

शुक्रवार, दुपार

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. ठमी आता भिंत न धरता चालते. तिला ताप आला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. तुला तापाचं काही ठाऊक नसेल तर हे वाक्य सोडून दे. पण तुला ठाऊक आहे.

तू रागाने माहेरी गेलीस आणि ‘लेकीला भेटायचं तर वकिलामार्फत’ असं आमच्या चिरंजीवांनी ठरवलं, तेव्हापासून ठमीचं सगळं मीच बघते. मागे एकदा दाराखालून पत्रक आलं, तान्ह्या आणि रांगत्या मुलांसाठी गाण्याचा वर्ग. शेजारीपाजारी विचारलं, तर दुसऱ्या कुणालाच ते मिळालं नव्हतं. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. तरी गेले, म्हटलं पोरीला तेवढाच विरंगुळा.

खोली चांगली आहे. सतरंजीवर आया बसतात, मांडीवर पोरं, हातात खुळखुळे. अर्धे खुळखुळे तोंडातच असतात. कोपऱ्यात घडीचा पडदा आणि त्यामागे पियानो. “मुलं पट्ट्यांवर तुटून पडतात हो, म्हणून वाजवणारी मागे बसते,” गाण्याच्या बाई म्हणाल्या. पटलं. पण ठमीची जागा दर खेपेला पडद्याला लागूनच का? मी एकदा लांब बसले तर म्हणे, “आजी, इकडे या ना, तिथे वारा लागतो.” खिडक्या सगळ्या बंद होत्या!

शेवटी निरोपाचं गाणं असतं. दर ओळीनंतर बाई टाळ्याला जीभ लावून ‘टॉक्’ करतात. पहिल्याच दिवशी ठमीने त्यांच्या आधी टॉक् केलं. तिला आंघोळ घालताना तू असंच गायचीस आणि मी बाहेरून वैतागायचे. असं गाणारं जगात दुसरं कुणी असेल तर मला आणून दाखव.

मग मी छडा लावायचाच असं ठरवलं. काल वर्गात शेजारच्या बाईला मुद्दाम मोठ्याने सांगितलं, “अहो, पोर रात्रभर तापाने फणफणली होती!” कुणाच्या पोराने भोकाड पसरलं तरी तो पियानो कधी थांबत नाही. काल थांबला. पुन्हा सुरू झाला तो सगळा चुकत. निघताना बाई ठमीच्या कपाळाला हात लावून म्हणतात, “डॉक्टरांना दाखवलंत ना?” इतकी नाकं गळतात तिथे, कधी कुणाची चौकशी केली नव्हती त्यांनी.

पडदा ओढायला माझा हात गेलाही होता. पण ठमी पडद्याला गाल लावून बसली होती, अगदी गप्प. ती घरी अशी कधीच बसत नाही. मी हात मागे घेतला. घरी आल्यावर मात्र मला रडू आवरेना. तुझ्या जिवाला केवढा घोर लावला मी! म्हणून हे पत्र. ते बाईंच्याच हातात देणार आहे. “हे कुणासाठी?” असं त्यांनी विचारलं, तर त्यांचं तोंड मला बघायचंय.

आता खरी अडचण. ठमी घरभर टॉक् टॉक् करत फिरते. काल जेवताना चिरंजीवांचा घास हातातच राहिला.

“आई, हे कुठून शिकली ही?”

“माझ्याकडून,” मी म्हटलं.

“तू कधीपासून असं करायला लागलीस?”

तेव्हापासून मीही टॉक् करत हिंडते. कवळी दोनदा निसटली. पण तो माझाच मुलगा, संशयी. त्याला काही पटलेलं नाही. “येत्या गुरुवारी वर्गाला मीच नेतो तिला,” म्हणाला.

तू आली नाहीस तर त्याला काही सापडणार नाही, आणि माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही. पडद्यामागे बसलीस आणि त्याने पडदा ओढला, तर ठमीचा वर्ग त्याच दिवशी बंद. मला विचारशील तर ये, पण पडद्याच्या अलीकडे. आईसारखी सतरंजीवर बस आणि लेकीला मांडीवर घे. तो आरडाओरडा करील, करू दे. मीही तिथे असेन. हे त्याला मी सांगितलेलं नाही.

ठमी तुला विसरलेली नाही. एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

सतरंजीवर तुझी जागा धरून बसणारी,
अजूनही तुझीच,
सासू